कॉलनीतली लाल चमक घटतेय, म्हणजे जीन निसटतोय का?

परभणीच्या एका संशोधक विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न असा. त्यांच्याकडे एडिस इजिप्ती डासाची जनुकबदल केलेली एक लाइन, म्हणजे पिढ्यानपिढ्या वेगळा वाढवलेला वंश, आहे. पिगीबॅक हा जीन वाहून नेणारा डीएनएचा तुकडा वापरून तिच्यात दोन जीन शेजारीशेजारी बसवले आहेत, एक लाल चमक देणारा डीएसरेड हा खुणेचा जीन आणि दुसरा प्रत्यक्ष कामाचा. लाइन हातात आली तेव्हा फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास सगळ्या अळ्या लाल दिसायच्या. आता दर दोन-तीन पिढ्यांनी बिनचमकीच्या अळ्या वाढल्याचं लक्षात येतं. जीन गुणसूत्रातून उडून जातोय का, आणि जात असेल तर उद्या गुलाबी बोंडअळीत असं काही करण्यात अर्थ आहे का, हे त्यांना विचारायचं आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तुमच्या डासांत जीन उडून जात असेल ही शक्यता मी सगळ्यात शेवटी धरेन. त्याआधी खोलीचं दार, खिडकीची जाळी, अळ्यांचे ट्रे आणि दर पिढीला तुम्ही किती नर-माद्या पुढे धरता, हे तपासेन. घातलेला जीन हरवल्याच्या ज्या तक्रारी माझ्यापर्यंत येतात, त्यातल्या बहुतेकींचं मूळ डीएनएत नसतं, कीटक वाढवण्याच्या पद्धतीत असतं.

असं का म्हणतो, ते सांगायला पिगीबॅक काम कसं करतो ते बघावं लागेल. कोबीवरच्या ट्रायकोप्लुझिया नी या पतंगाच्या पेशींत वाढवलेल्या विषाणूमध्ये १९८० च्या दशकात हा जागा बदलणारा डीएनएचा तुकडा सापडला. त्याची दोन टोकं ठरावीक रचनेची असतात आणि मधल्या भागात ट्रान्सपोझेज नावाचं एन्झाइम बनवणारा जीन असतो. हे एन्झाइम टोकं ओळखतं, तुकडा कापून काढतं आणि दुसरीकडे जिथे टीटीएए ही चार अक्षरं असतील तिथे बसवतं. आपण कीटकात जीन घालतो तेव्हा फक्त टोकं ठेवतो, मधला एन्झाइमचा जीन काढून त्या जागी आपला माल भरतो. एन्झाइम हेल्पर प्लाझमिड नावाच्या डीएनएच्या वेगळ्या छोट्या वर्तुळावरून पुरवतो. अंड्यात टोचल्यावर हेल्पर काही दिवसांत नष्ट होतो, कारण त्याला टोकंच नसल्यामुळे तो गुणसूत्रात बसत नाही. पुढच्या पिढ्यांत टोकं शाबूत राहतात, पण त्यांना कापणारं कोणी उरत नाही.

एडिस इजिप्तीच्या बाबतीत तर संशोधकांनी हे एन्झाइम नंतर मुद्दाम पुन्हा पुरवून पाहिलं, तरी बीजपेशींमध्ये पिगीबॅक जागचा जवळजवळ हललाच नाही. शहरी मलेरियाचा वाहक असलेल्या ॲनोफिलीस स्टीफेन्सी डासात मात्र तोच पिगीबॅक एन्झाइम मिळालं की सहज जागा बदलतो, इतका की नवे जीन शोधण्यासाठी त्याचा साधन म्हणून वापर होतो. टोकं तीच, एन्झाइम तेच, कीटक बदलला की वागणूक बदलली. म्हणून एका कीटकातला अनुभव दुसऱ्याला सरसकट लावू नये. एडिसमध्ये १९९८ साली पहिल्यांदा यशस्वीपणे जीन घातले गेले तेव्हा घरमाशीतला हर्मीस आणि ड्रोसोफिला या माशीच्या जातकुळीतला मॅरिनर हे पिगीबॅकसारखेच जीन वाहून नेणारे दोन वाहक वापरले होते. त्यातला हर्मीस एडिसमध्ये नीट कापला जाऊन बसत नाही, आजूबाजूचं प्लाझमिड ओढून आणतो. ड्रोसोफिलात तर हर्मीसला त्याच्या नात्यातल्या होबोचं एन्झाइमही हलवू शकतं, हे प्रयोगाने दाखवलेलं आहे. कीटकाच्या स्वतःच्या जीनोममध्ये, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएत, आपल्या वाहकाचा भाऊबंद जिवंत आहे का, हा प्रश्न लाइन बनवण्याआधीच विचारायला हवा. एडिस आणि पिगीबॅकच्या जोडीत तशी अडचण अनुभवाला आलेली नाही.

मग चमक कमी का होते? माझा पहिला संशय बाहेरच्या डासांवर. एडिस इजिप्ती हा आपल्याकडे घरातलाच डास. मराठवाड्यात फेब्रुवारी-मार्चपासून कूलर सुरू होतात, आठ-आठ दिवस पाणी येत नाही म्हणून ड्रम, रांजण, सिमेंटच्या टाक्या भरून ठेवाव्या लागतात, आणि नेमक्या त्याच ठिकाणी एडिस वाढतो. इन्सेक्टरीच्या, म्हणजे कीटक वाढवण्याच्या खोलीच्या, बाहेरच्या व्हरांड्यात कूलर लावलेला असेल तर त्याची टाकी आज रिकामी करा आणि तळाशी टॉर्च मारून बघा. वळवळणाऱ्या अळ्या तिथे दिसल्या तर अर्धं उत्तर मिळालं. पाणी ओतून भागत नाही. अंडी टाकीच्या भिंतीला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत राहतात, म्हणून भिंत घासावी लागते. अळ्यांच्या ट्रेसाठी पाणी कुठून आणता तेही बघा. साठवणीच्या टाकीचं पाणी न गाळता ट्रेमध्ये ओतलं तर बाहेरची अळी थेट तुमच्या कॉलनीत येते, दार ओलांडायचीही गरज उरत नाही. त्याच खोलीत मूळ, जनुकबदल न केलेली लाइनही वाढवत असाल तर धोका आणखी जवळचा. एका ट्रेमधली पिपेट दुसऱ्यात गेली की झालं.

ही भेसळ लगेच दिसत नाही, आणि बहुतेक लोक इथेच फसतात. चमकेचा जीन प्रभावी आहे, म्हणजे एक प्रत असली तरी अळी लाल दिसते. समजा तुमची लाइन सुरुवातीला शंभर टक्के शुद्ध होती, प्रत्येकात दोन्ही प्रती. दर पिढीला आई-बापांत फक्त १ टक्का बाहेरचे डास मिसळले. दहा पिढ्यांनंतर जीनचं प्रमाण ९० टक्क्यांवर आलेलं असतं, पण बिनचमकीच्या अळ्या शंभरात एकही भरत नाहीत. वीस पिढ्यांनंतर प्रमाण ८२ टक्क्यांच्या आसपास उतरतं, तरी बिनचमकीच्या अळ्या जेमतेम ३ टक्के. चाळिसाव्या पिढीला प्रमाण ६७ टक्के, आणि तेव्हा कुठे नऊ अळ्यांमागे एक बिनचमकीची दिसू लागते. भेसळीचा वेग पहिल्यापासून तेवढाच होता, पण बघणाऱ्याला वाटतं की इतकी वर्षं सगळं ठीक होतं आणि अलीकडेच काहीतरी बिघडलं. तुम्ही वर्णन केलेला चढ अगदी असाच आहे. चमकणाऱ्या अळ्या ९० टक्के असतील तर जीनचं प्रमाण ६८ टक्क्यांपर्यंत खाली आलेलं असू शकतं, हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

दुसरा संशय संख्येवर. प्रत्येक पिढीला किती नर आणि किती माद्या प्रत्यक्ष पुढची पिढी देतात? पिंजऱ्यात पाचशे डास असतात, पण रक्त पिऊन अंडी घालणाऱ्या माद्या त्यातल्या थोड्या, आणि अंड्यांचा एखादाच कागद आपण पाण्यात सोडतो. प्रत्यक्षात वीसच जणांचा वंश पुढे गेला तर दर पिढीला आनुवंशिक विविधतेचा अडीच टक्के भाग निव्वळ योगायोगाने जातो. आपल्याकडे या संख्येवर मे महिना घाव घालतो. बाहेर ४२-४३ अंश, दुपारची हवा कोरडी ठणठणीत, वीज गेली, एसी बंद, जनरेटर वेळेत सुरू झाला नाही, आणि २७-२८ अंश व ७०-८० टक्के आर्द्रतेवर वाढलेली कॉलनी एका दुपारीत मरते. जे मूठभर वाचतात त्यांच्यापासून कॉलनी पुन्हा उभी करतो आणि महिन्याभरात पिंजरे भरलेले बघून निश्चिंत होतो. भरलेले पिंजरे सगळे त्या मूठभरांचेच वंशज असतात. त्यात चमकेची एकच प्रत असलेले जास्त निघाले, तर प्रमाण एका झटक्यात पडलेलं असतं. म्हणून वीज गेल्याची, एसी बंद पडल्याची, वाचलेल्या डासांची अंदाजे संख्या, हे सगळं कॉलनीच्या वहीत तारखेनिशी हवं. चमकेच्या आलेखात जिथे खड्डा दिसतो तिथे अशी नोंद सापडली की निम्मा शोध वाचतो.

एडिस या बाबतीत आपल्यावर मेहेरबान आहे. त्याची अंडी कागदावर वाळवून हवाबंद डब्यात काही महिने राहतात. शुद्ध असल्याची खात्री झालेल्या पिढीचे कागद तारीख टाकून वेगळ्या इमारतीत, वेगळ्या माणसाच्या ताब्यात ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी नवे ठेवा, जुने वापरून संपवा.

आणखी एक साधी गोष्ट, जी संशयाच्या यादीत कोणी धरत नाही, ती म्हणजे मोजणीच चुकीची असणं. तुमची चमक डोळ्यात दिसणारी आहे की सगळ्या अंगभर, हे प्रोमोटरवर, म्हणजे जीन कुठे आणि कधी चालू व्हायचा ते ठरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर, ठरतं. थ्री-एक्स-पी-थ्री या प्रोमोटरची चमक डोळ्यांत आणि मज्जारज्जूच्या गाठींमध्ये असते. वय वाढलं की डोळ्यातलं काळं रंगद्रव्य ती झाकून टाकतं. एका पिढीत तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्या मोजल्या आणि पुढच्या पिढीत प्युपा, म्हणजे कोषावस्थेतले कीटक, मोजले, तर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. उलट दिशेनेही फसगत होते. अळ्यांना घातलेल्या मत्स्यखाद्यात शेवाळ असेल तर अळीच्या आतड्यातलं हरितद्रव्य लाल चमकतं आणि जीन नसलेली अळी आपण चमकणारी म्हणून उचलतो. मोजण्याआधी अळ्या काही तास स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवा, आणि दर वेळी जीन नसलेल्या लाइनच्या अळ्या शेजारी ठेवूनच बघा.

आता तपासणी. बिनचमकीच्या अळ्या निवडून एकेकीचा वेगळा डीएनए काढा आणि तीन वेगवेगळ्या पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा आहे की नाही ते पट्ट्याच्या रूपात दाखवणारी तपासणी) करा, एक डीएसरेडसाठी, एक कामाच्या जीनसाठी, आणि एक ज्या जागी जीन बसलेला होता त्या जागेच्या दोन्ही बाजूंना चिकटणाऱ्या प्रायमरने, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी. चमक नाही पण डीएसरेडचा पट्टा येतो, तर जीन जागेवरच आहे, तो गप्प बसला आहे किंवा त्यात उत्परिवर्तन झालं आहे. दोन्ही जीनचा पट्टा नाही आणि बसवलेली जागा रिकामी दिसते, तर मात्र घाई करू नका. पिगीबॅक निघून जातो तेव्हा अतिशय स्वच्छ जातो, मागे फक्त मूळचं टीटीएए उरतं, एकही अक्षर जास्त किंवा कमी नाही. जिथे जीन कधी बसलाच नाही अशा बाहेरच्या डासाचीही जागा हुबेहूब तशीच दिसते. रिकामी जागा दाखवून जीन उडाला असं म्हणणारे प्रबंध मी वाचले आहेत. त्या पुराव्यावरून तसं म्हणताच येत नाही.

फरक करायचा असेल तर जीनोमच्या दुसऱ्या भागांकडे वळावं लागतं. तुमची लाइन बहुधा रॉकफेलर किंवा लिव्हरपूल अशा जुन्या प्रयोगशाळेतल्या डासांपासून बनलेली असेल. परभणीच्या कूलरमधला एडिस त्यांच्याहून वेगळा आहे. काही मायक्रोसॅटेलाइट (वंशावंशांत लांबी बदलणारे डीएनएचे तुकडे) आणि मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या घटकाच्या डीएनएचा एखादा भाग तपासला की बिनचमकीची अळी घरची की बाहेरची ते कळतं. व्हरांड्यातल्या टाकीतल्या अळ्याही त्याच तपासणीत घ्या, तुलनेला पक्का आधार मिळतो. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. बाहेरचा नर शिरला असेल तर मायटोकॉन्ड्रिया एकटा काही सांगणार नाही, म्हणून दोन्ही तपासण्या लागतात. अळी घरचीच निघाली आणि जागा रिकामी असली, तर मग जीन खरंच हलला आहे. असं असेल तर जीन दुसरीकडे बसलेली भावंडं कॉलनीत सापडायला हवीत. चमकणाऱ्या अळ्यांत इन्व्हर्स पीसीआर, म्हणजे जीनच्या शेजारचा डीएनए वाचून तो कुठे बसला आहे ते दाखवणारी तपासणी, करून बघा.

त्याच्या जोडीला टेस्ट क्रॉस, म्हणजे जीन नसलेल्या लाइनशी संकर करून प्रती ओळखणं. हे काम कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही. कॉलनीतून चमकणारे तीसेक नर घ्या आणि प्रत्येकाला स्वतंत्र लहान पिंजऱ्यात जीन नसलेल्या दोन-तीन कुमारी माद्यांबरोबर सोडा. एडिसची मादी बहुधा एकदाच मीलन करते, म्हणून माद्या प्युपा असतानाच वेगळ्या काढायच्या. मादीचा प्युपा आकाराने मोठा असतो, थोडा सराव झाला की नजरेने ओळखतात. प्रत्येक नराच्या किमान दहा अळ्या बघा. सगळ्या चमकल्या तर त्याच्याकडे दोन्ही प्रती आहेत, कारण एकच प्रत असलेल्या नराच्या दहाही अळ्या चमकण्याची शक्यता १०२४ मध्ये एक इतकीच. निम्म्या चमकल्या तर एक प्रत. तीसपैकी किती नर दोन प्रतींचे निघाले, यावरून कॉलनीची खरी अवस्था समोर येते. शुद्ध करायची वेळ आली तर याच पद्धतीने दोन प्रतींचे नर-माद्या हुडकून त्यांच्यापासून नवी कॉलनी उभी करा. मात्र एकाच जोडीपासून करू नका, नाहीतर वर सांगितलेला संख्येचा त्रास आपल्याच हाताने ओढवून घ्याल.

शुद्ध झाली असं कधी म्हणायचं, याचाही हिशोब आहे. तीनशे अळ्या पाहिल्या आणि एकही बिनचमकीची दिसली नाही, तर ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं की त्यांचं प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी आहे. हजारात एकापेक्षा कमी म्हणायचं असेल तर तीन हजार पाहाव्या लागतात. पन्नास अळ्या बघून १०० टक्के शुद्ध असा शेरा मारलेले अहवाल माझ्याकडे येतात. ते मी परत पाठवतो.

आता त्याहून अवघड गोष्ट. समजा चमक सगळ्यांत आहे, टेस्ट क्रॉस उत्तम, पीसीआर उत्तम. तरी कामाचा जीन काम करत असेलच असं नाही. आपण निवड करतो चमक बघून, त्यामुळे निवडीचा सगळा दाब चमकेवर पडतो, कामाच्या जीनवर काहीच नाही. याचं सगळ्यात शिकवणारं उदाहरण एडिसमधलंच आहे. डेंग्यूच्या दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला रोखणारी कार्ब ७७ नावाची लाइन २००६ साली प्रसिद्ध झाली. मादीने रक्त प्यायलं की तिच्या आतड्यात विषाणूच्या अक्षरांच्या क्रमाचा दुहेरी आरएनए तयार व्हायचा आणि डासाची स्वतःची आरएनए-हस्तक्षेप यंत्रणा विषाणू कापून टाकायची. सुरुवातीच्या पिढ्यांत प्रतिकार उत्तम होता. सतराव्या पिढीपर्यंत तो गेलेला होता. संशोधकांनी जीन तपासला तर तो जागच्या जागी होता, क्रमातही बदल नव्हता. फक्त तो बोलायचा थांबला होता. पुढे त्याच गटाने तोच माल दुसऱ्या जागी बसलेल्या लाइन निवडून प्रतिकार पुन्हा मिळवला. म्हणजे दोष मालात नव्हता, तो जिथे बसला होता त्या जागेत होता.

पिगीबॅक जिथे टीटीएए मिळेल तिथे बसतो, जागा आपण निवडत नाही. शेजारचा डीएनए घट्ट गुंडाळलेला असेल तर हळूहळू तो आपल्या जीनलाही गुंडाळतो. चमक मंद होत जाणं किंवा अंगभर ठिपक्याठिपक्यांनी दिसणं हे त्याचं लक्षण. पूर्ण नाहीशी होण्याआधी बरेचदा ती अशी ठिपकेदार होते, म्हणून मोजताना आहे-नाही एवढंच न लिहिता ठळक, मंद, ठिपकेदार असंही लिहा. यावर उपाय लाइन बनवतानाच करायचा असतो. एकाच लाइनवर थांबू नका, शक्य तितक्या वेगवेगळ्या जागी बसलेल्या लाइन तयार करून त्या काही पिढ्या शेजारीशेजारी चालवा आणि मगच निवडा. मालाच्या दोन्ही बाजूंना इन्सुलेटर, म्हणजे शेजारच्या डीएनएचा परिणाम अडवणारे तुकडे, लावल्याने काही कीटकांत फायदा दिसला आहे, पण मी त्याच्यावर विसंबत नाही. एकाच बांधणीत तोच प्रोमोटर किंवा जीनच्या शेवटचा तोच तुकडा, म्हणजे शेपटी, दोनदा वापरू नका. सारखे तुकडे एकमेकांशी जुळतात आणि मधला भाग गळून पडतो. चमक राहते, काम जातं, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून दर काही पिढ्यांनी चमकेपलीकडे जाऊन कामाच्या जीनचा आरएनए मोजा, आणि जमेल तेव्हा प्रत्यक्ष परिणाम तपासा.

टोकांची भीती मुळातूनच काढायची असेल तर तेही जमतं. २००४ साली ड्रोसोफिलात असं दाखवलं गेलं की जीन बसल्यानंतर वाहकाचं एक टोक कापून टाकता येतं, म्हणजे पुढे एन्झाइम कुठूनही आलं तरी ते काही करू शकत नाही. २००६ साली भूमध्य फळमाशीत दोन्ही बाजूंची टोकं काढून फक्त माल उरलेल्या लाइन तयार झाल्या. दुसरी वाट फाय-सी-३१ या जिवाणूभक्षक विषाणूच्या इंटिग्रेजची, म्हणजे डीएनए जोडणाऱ्या एन्झाइमची. आधी एक बसण्याची जागा जीनोममध्ये तयार करून तपासून घ्यायची, मग प्रत्येक नवा माल त्याच जागी बसवायचा. बसल्यावर दोन्ही बाजूंचे क्रम बदलतात आणि ते इंटिग्रेज एकट्याने त्याला बाहेर काढू शकत नाही. क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या साधनाने थेट निवडलेल्या जागी बसवलं तर पिगीबॅकसारख्या वाहकाची टोकं येतच नाहीत. आज मी नवी लाइन बनवायला घेतली तर पिगीबॅककडे फक्त चांगली जागा हुडकण्यासाठी जाईन.

जीन एवढा पक्का बसवला तरी मोठ्या प्रमाणात कीटक वाढवताना एक संकट राहतंच, आणि ते निवडीचं. जालना जिल्ह्यात दावलवाडीला २०१७ च्या जानेवारीत ज्या एडिसच्या बाहेरच्या पिंजऱ्यांतल्या चाचण्या जाहीर झाल्या, ती ओएक्स५१३ए लाइन घ्या. तिच्यात टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मिळालं तर शांत राहणारा आणि नाही मिळालं तर अळी-प्युपा अवस्थेत मारणारा जीन आहे. टेट्रासायक्लिनशिवाय शंभरातले तीन-चारच प्रौढ होतात. बाहेर सोडलेल्या नरांची संतती मरते आणि जीन निसर्गातून जातो, हाच हेतू. पण खोलीत तो टिकला पाहिजे. जिथे दर पिढीला दहा लाख आई-बाप आहेत तिथे दहा लाखांत एकदा घडणारं उत्परिवर्तनही दर पिढीला घडतं. औषधाची मात्रा थोडी कमी पडली, एखाद्या ट्रेमध्ये घालायची राहिली, की मारणारा जीन मोडलेल्या अळीला तिच्या बहिणींपेक्षा फायदा मिळतो. लहान कॉलनीत योगायोग त्रास देतो, मोठ्या कॉलनीत निवड. म्हणून टेट्रासायक्लिनचं वजन करणाऱ्या माणसाची सही हवी, आणि औषधाशिवाय किती अळ्या जगतात ही चाचणी ठरलेल्या काळाने व्हायलाच हवी.

यावर बीजोत्पादनातली शिस्त सरळ लागू पडते, आणि जालन्याच्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. पैदासकार बियाण्यापासून पायाभूत, पायाभूतपासून प्रमाणित, आणि शेतकऱ्याला विकलेलं बियाणं पुन्हा पैदासकाराच्या प्लॉटमध्ये कधीच येत नाही. कीटकांतही लहान, काटेकोर तपासलेली मूळ कॉलनी वेगळी ठेवायची, तिच्यापासून दोन-तीन पिढ्या संख्या वाढवायची आणि सोडायची. वाढवलेल्या ओळीतला एकही कीटक मागे फिरवायचा नाही. भूमध्य फळमाशीच्या कारखान्यांत, ग्वाटेमालासारख्या ठिकाणी, हीच पद्धत वापरून नर-मादी वेगळे करणाऱ्या लाइन वर्षानुवर्षं टिकवल्या आहेत. त्या लाइन जनुकबदल केलेल्या नाहीत, गुणसूत्रांच्या अदलाबदलीवर उभ्या आहेत, तरी मोडतात त्याच कारणांनी. दर पिढीत थोडे कीटक चुकीच्या बाजूला पडतात आणि परत कॉलनीत मिसळले की वाढत जातात. तुमच्या लहान प्रयोगशाळेतही हे करता येईल. एक पिंजरा मूळचा, त्याला प्रयोगासाठी हात लावायचा नाही. प्रयोगाचे पिंजरे वेगळे.

आता बोंडअळी. २०१७ च्या हंगामात मराठवाड्यात बीटी कपाशीच्या बोंडाबोंडात गुलाबी अळी निघाली. वेचणीला माणसं नेऊन काय करायचं म्हणून उभ्या पिकावर नांगर फिरवलेली शेतं आपण पाहिली आहेत. तेव्हापासून वेगळा मार्ग हवा ही तळमळ मला पूर्ण समजते. या किडीत जनुकबदल शक्य आहे. २००० साली पिगीबॅकनेच तिच्यात हिरव्या चमकेचा जीन बसवला गेला. पुढे अ‍ॅरिझोनात २००६ पासून लाल चमकेचे पतंग किरणोत्साराने वंध्य करून कपाशीच्या शेतांत सोडून पाहिले. नेहमीच्या खाद्यरंगाने रंगवलेल्या पतंगांपेक्षा सापळ्यातले सोडलेले पतंग खात्रीने ओळखता यावेत हा हेतू होता. मात्र अमेरिकेने २०१८ साली कपाशी पट्ट्यातून ही कीड संपल्याचं जाहीर केलं ते प्रामुख्याने बीटी कपाशी आणि किरणोत्साराने वंध्य केलेले साधे पतंग यांच्या जोरावर. जनुकबदल केलेल्या पतंगांनी ते केलं असं कुणी सांगितलं तर मानू नका.

टिकण्याच्या दृष्टीने बोंडअळीत एक गोष्ट बाजूची आणि एक विरुद्ध आहे. बाजूची अशी की पतंगांच्या माद्यांमध्ये बीजपेशी बनताना गुणसूत्रांची देवघेव होत नाही. शेजारीशेजारी बसवलेले दोन जीन मादीकडून पुढे जाताना एकमेकांपासून तुटत नाहीत, तुटले तर फक्त नराकडून. एडिसमध्ये ही सोय नाही. विरुद्धची अशी की गुलाबी बोंडअळीच्या स्वतःच्या जीनोममध्ये पिगीबॅकचे भाऊबंद सापडलेले आहेत. त्यांच्यातलं एन्झाइम आपल्या वाहकाला हलवू शकेल का, हे गृहीत न धरता तपासायचं असतं. म्हणून या किडीत टोकं काढलेली किंवा इंटिग्रेजने नाहीतर क्रिस्परने बसवलेली लाइनच मी मान्य करेन. शिवाय बोंडअळीची अंडी एडिससारखी वाळवून ठेवता येत नाहीत. वीज गेली, खोली तापली आणि कॉलनी मेली तर डब्यातून कागद काढून नवी उभी करता येणार नाही. दोन गावांत दोन स्वतंत्र कॉलन्या, दोन्हीकडे स्वतंत्र वीज, हे पहिल्या दिवसाच्या खर्चात धरावं लागेल. तोवर कामगंध सापळे, डोमकळ्या (अळी शिरलेली न उमललेली फुलं) वेचणं, फरदड (जुन्या झाडांवरचं पुढचं पीक) न घेणं आणि पऱ्हाट्या बांधावर न रचणं यातलं काहीही सोडण्याइतकं हे तंत्र शेतापर्यंत आलेलं नाही.

आणि एक कागदोपत्री गोष्ट, जी पुढे ढकलू नका. तुमच्या लाइनला मिळालेली परवानगी विशिष्ट जागी बसलेल्या विशिष्ट जीनसाठी आहे. तपासणीत जीन दुसऱ्या जागी सापडला, तर तो वेगळा इव्हेंट, म्हणजे वेगळा जनुकबदल, ठरतो. भेसळ निघाली तर तुमची खोली बंदिस्त राहिलेली नाही असा त्याचा अर्थ होतो, कारण जिथून बाहेरचा डास आत येतो तिथूनच आतला बाहेर जातो. दोन्ही गोष्टी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला लेखी कळवायच्या आहेत. जनुकबदल केलेल्या सजीवांसाठीचे १९८९ चे नियम लागू आहेतच, त्याशिवाय जनुकबदल केलेल्या कीटकांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाने २०२३ साली स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्या मागवून वाचा. समितीपुढे जाताना तीन पीसीआरचे निकाल, तीस नरांच्या टेस्ट क्रॉसचा तक्ता आणि व्हरांड्यातल्या अळ्यांची तुलना, असं सगळं एकत्र घेऊन जा. त्यातला टेस्ट क्रॉस आधी सुरू करा, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.